थोरल्या जावेच्या पुढे बटरफ्लाय

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. म्हणाले, "बाई, अंकाच्या आरोग्य विभागासाठी 'बटरफ्लाय स्ट्रोक अधिक वेगाने कसा पोहावा' यावर लिहा. सोप्या भाषेत. जमल्यास आकृत्या काढा." आकृत्या मला जमत नाहीत. शाळेत मी एकदा गाय काढली होती, ती पाहून गुरुजींनी "टेबल छान काढलंस" म्हणून शाबासकी दिली होती. त्यामुळे लिहूनच सांगते. बटरफ्लाय वेगाने पोहण्याचे मला माहीत असलेले सगळे उपाय इथे येतील. त्यातला सगळ्यात जालीम उपाय मात्र कुठल्याच पुस्तकात सापडायचा नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांना थोरली जाऊ नसते.

नोकरीचं सगळं आयुष्य मी सोलापुरातल्या एका टँकवर महिलांची बॅच घेतली. इकडे स्विमिंग पूल कुणी म्हणत नाही, टँकच म्हणतात. सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला नुसतं "टँक" म्हटलं की तो गाडी वळवतो आणि वरून विचारतो, "पाणी हाय का आज?" प्रश्न बरोबर आहे. उन्हाळ्यात आमच्या टँकला पाणी असायचं आणि गावातल्या नळाला नसायचं. अशा दिवशी बॅचची हजेरी एकदम वाढायची. कधी तोंडही न दाखवणाऱ्या बायका यायच्या, पिशवीतून शिकेकाई काढायच्या. एकीने तर साबण आणून पायरीवर बैठक मारली. मी शिट्टी वाजवली तर म्हणाली, "तुमी तुमचं शिकवा की बाई, मी काय मधी येतेय व्हय?"

दुसरी एक होती, तिला बटरफ्लायच शिकायचा होता, पण केस न भिजवता. तिचा कसला तरी उपास असायचा आणि त्या दिवशी डोक्यावरून पाणी चालायचं नाही. साडीच्या दुकानाच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या डोक्याला बांधून, त्यावर टोपी चढवून ती उतरली. पहिल्याच उडीत पिशव्यांत हवा भरली आणि डोकं काही पाण्याखाली जाईना. दुकानाचं नाव मात्र गॅलरीतून स्वच्छ वाचता येत होतं.

आता मुद्द्याचं. बटरफ्लाय म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकायचे आणि दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारायचे. लोकांना वाटतं ही ताकदीची गोष्ट आहे. ताकदवान माणसं यात सगळ्यात आधी बुडतात. ही सगळी गंमत वेळेची आहे. हाताच्या एका फेरीत पाय दोनदा मारायचे. हात पाण्यात शिरताना एकदा, आणि हात मांडीपाशी येऊन बाहेर निघताना दुसऱ्यांदा. बहुतेकांचा दुसरा ठोका गळतो. मग हात बाहेर निघतच नाहीत, माणूस पाण्यात अडकलेल्या पंख्यासारखा थरथरत राहतो.

श्वास घेताना हनुवटी पाण्याला लागून हवी. मान वर काढली की कंबर खाली जाते आणि कंबर खाली गेली की तुम्ही पोहत नाही, जिना चढता. हात बाहेरून पुढे येण्याआधी तोंड परत पाण्यात गेलं पाहिजे. दर वेळी श्वास घेऊ नका, एकाआड एक घ्या. गुडघे फार वाकवू नका, लाट छातीपासून निघू द्या. भिंतीला ढकलल्यावर लगेच हात मारायची घाई करू नका, आधी पाण्याखाली नुसते पाय मारून अंतर कापा. तो वेग फुकटचा असतो. फुकटचं सोडायची आपल्याकडे सवय नाही, पण इथे मात्र सगळे सोडतात.

आणि वळताना, संपवताना भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर बाद. या नियमाने माझा फार जीव खाल्ला. आपल्या बायकांना लहानपणापासून शिकवलेलं, की देताघेताना डावा हात पुढे करायचा नाही. त्या भिंतीलाही उजवाच हात लावायच्या. कितीदा सांगितलं की भिंत प्रसाद देत नाहीये. शेवटी म्हटलं, "देवळाच्या उंबऱ्याला हात लावताना कसं करता? दोन्ही हात ना? मग तसंच." त्या दिवसापासून एकही बाई बाद झाली नाही. फक्त काही जणी भिंतीला हात लावून झाल्यावर ते डोळ्यांना लावायच्या, त्यात थोडा वेळ जायचा.

अशा या टँकवर एका उन्हाळ्यात महानंदाअक्का आल्या. भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान असलेल्या घरातली ही थोरली सून. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. पाण्यात चालणं त्यांनी एकदाच केलं. "हे काय, रस्त्यावर चालतोच की," म्हणाल्या. मग मी ब्रेस्ट स्ट्रोक दाखवला. तोही पसंत पडला नाही. "बेडकावानी न्हाय पायजे. टीव्हीवर दोन्ही हात असं फेकत्यात बगा, त्ये शिकवा."

"अक्का, तो सगळ्यात शेवटी शिकवतात."

"मग आमचं शेवटचंच धरा की. पन्नाशी कवाच उलटली."

त्यांच्यासोबत धाकटी जाऊ शिवलीला यायची. अक्कांना एकटं कसं सोडायचं, म्हणून आलेली. वयाने थोडीशीच लहान, पन्नाशी तिनेही गाठलेली, पण अक्का रिक्षातून उतरल्यावर उतरायची, अक्का बसल्यावर बसायची, अक्कांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तोंडात घातल्यावर खायची. माहेर मैंदर्गीचं, वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेली. खांदे असे, की मी पहिल्यांदा बघितल्यावर मनातल्या मनात हात चोळले. त्या दोघींची भाषा कन्नड, माझी माहेरची तेलुगू, त्यामुळे आम्ही एकमेकींवर मराठीत ओरडायचो.

दोघी बटरफ्लाय शिकल्या. अक्का जोरदार पोहायच्या, म्हणजे आवाज जोरदार असायचा. शिवलीला त्यांच्यामागे, हातभर अंतरावर. मी घड्याळ लावायची. अक्कांची वेळ जरा सुधारली की शिवलीलाची तितकीच सुधारायची. अक्कांना सर्दी झाली की शिवलीलाही मंदावायची. मला वाटलं, हिचा दुसरा ठोका गळतोय. तिला नुसते पाय मारायला लावलं, एका हाताने पोहायला लावलं, पाठीवर झोपवून पाय मारायला लावलं. प्रत्येक व्यायाम ती झकास करायची. अक्का शेजारी उतरल्या की पुन्हा हातभर मागे. मी डोकं धरून बसायची. खांदे, कोपर, कंबर, सगळं तपासून झालं होतं.

त्याच सुमारास पन्नाशीपुढच्या महिलांच्या जिल्हा निवड चाचणीची बातमी आली. प्रत्येक प्रकारात पहिली येईल तिला पुण्याला राज्य स्पर्धेला पाठवणार होते. फक्त पहिली. अक्कांनी तिथल्या तिथे दोघींची नावं दिली. "मी जाते पुण्याला, ही येईल डबा घिऊन," असं त्यांचं साधं नियोजन होतं. पण त्या दिवशी सगळ्या गेल्यावर शिवलीला टोपी विसरल्याचं निमित्त करून परत आली आणि मला म्हणाली, "बाई, पयला नंबर यायला काय करावं लागतंय?"

मी चाटच पडले. या बाईच्या तोंडून "मला" हा शब्दसुद्धा मी कधी ऐकला नव्हता.

मग एकदा अक्का कुणाच्या तरी डोहाळजेवणाला गेल्या आणि शिवलीला अक्कांच्याच सांगण्यावरून एकटी आली. तिला एकटीलाच लेनमध्ये उतरवलं. ती गेली आणि आली. मी घड्याळ बघितलं, हलवलं, कानाला लावलं. बिघडलं असणार. पुन्हा पोहायला लावलं. घड्याळ नव्हतं बिघडलं. अक्का पोचेपर्यंत ही बाई वर येऊन, टॉवेल गुंडाळून बसली असती.

"शिवलीला! मग इतके दिवस काय करत होतीस?"

ती कठड्याला धरून खाली बघत म्हणाली, "अक्काच्या पुढं कसं जायचं, बाई? बरं दिसतंय का?"

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. महिनोन् महिने मी जिच्या पायांचा दोष शोधत होते तिच्या पायांत काहीही दोष नव्हता. ती सगळी ताकद लावून हळू पोहत होती.

"तुला पुण्याला जायचंय ना?"

"व्हय."

"मग पुढे जावं लागेल."

"लगीन झाल्यापासनं म्होरं कायम अक्काचे पायच बगतेय, बाई. टँकमदी बी तेच. एकदा म्होरं मोकळं पाणी बगावं वाटतंय." एवढं बोलून तिने डोळे पुसले, आणि मग अगदी मनापासून म्हणाली, "पन अक्काच्या म्होरं न जाता पयला नंबर येत असंल तर बगा की. तुमी शिकलेल्या हायसा."

या प्रश्नावर मी खरोखर विचार केला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तिला अक्कांपासून लांबच्या लेनमध्ये टाकलं. तरी बरोबर मागे. "दिसत न्हाय, पन अक्काच्या हाताचा आवाज येतो की." मग कानात कापूस घातला. तरी मागे. "लाटा येत्यात." अक्कांच्या लाटा खरंच यायच्या, पलीकडे बसलेल्या बायकांचे पदर भिजायचे. शेवटी अक्कांनाच सुचवून पाहिलं की गुडघे सांभाळा, या वेळी उतरू नका. त्या म्हणाल्या, "मी न्हाय उतरले तर ही एकटी उतरंल व्हय? भित्री हाय ती." आणि हे खरं होतं. अक्का घरी बसल्या तर शिवलीलाही घरी बसणार होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी धीर करून अक्कांना खरं सांगून टाकलं. त्या डबा उघडून माझ्यापुढे धरत होत्या. मी म्हटलं, "अक्का, शिवलीला तुमच्यापेक्षा खूप जोरात पोहते. मानापोटी मागे राहते."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे डब्याचं झाकण लावलं. ज्यांना अक्का माहीत आहेत त्यांना कळेल की ही शिवी होती.

"म्हंजे मी हळू पोहते?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

अक्का उठल्या आणि रिक्षात बसल्या. मागून शिवलीला बसली. रिक्षा वळेपर्यंत दोघींपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. पोरीची संधी मीच घालवली, असं वाटून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

चाचणीला पन्नाशीपुढच्या गटात तिघीच होत्या. या दोघी आणि बार्शीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. अंतर दोन लेंथ. जायचं, भिंतीला हात लावायचे आणि यायचं. शिट्टी झाली. अक्कांनी उडी मारली, मग शिवलीलाने मारली. मुख्याध्यापिका निघाल्याही होत्या.

आणि अक्का हळू पोहू लागल्या. आधी वाटलं गुडघा धरला. मग माझ्या लक्षात आलं की त्या मुद्दाम करतायत, परीक्षा घेतायत. माझं खरं की खोटं, ते त्यांना बघायचं होतं. हात टाकायच्या आणि थांबायच्या. टाकायच्या आणि थांबायच्या. आता वाचकहो, हळू बटरफ्लाय हा जगात अस्तित्वातच नाही. हळू झालात की बुडालात. अक्का बुडत होत्या, वर येत होत्या, पुन्हा बुडत होत्या. आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर शिवलीला त्याहून हळू, म्हणजे अक्का वर आल्या की ही बुडायची. बघणाऱ्यांना वाटलं दोघी काहीतरी शोधतायत. जीवरक्षकाने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. मुख्याध्यापिका भिंतीला हात लावून परत फिरल्या आणि कुणालाही घाबरवून न सोडता, एका लयीत निघाल्या.

शेवटी अक्का भिंतीला पोचल्या, दोन्ही हात लावले आणि वळायच्या ऐवजी भिंत धरून उभ्या राहिल्या. मागून शिवलीला आली. तिनेही दोन्ही हात लावले आणि तीही उभी राहिली.

"अक्का, काय झालं? गुडघा का?"

"गुडघ्याला काय बी झालं न्हाय. बाई म्हणत हुत्या त्ये खरं हाय का?"

शिवलीलाने भिंत आणखी घट्ट धरली.

"नडी," अक्का म्हणाल्या. "मुंद नडी." म्हणजे चल, पुढे हो.

"तुमी व्हा की आदी."

"मी म्हणते न्हवं, जा!"

"न्हाय अक्का, बरं दिसत न्हाय."

"त्या बार्शीवाल्या बाई चालल्या की गं!"

"त्यांचं वेगळं. त्या कुटं आमच्या घरातल्या हायत?"

पंच माझ्याकडे बघत होते, मी आभाळाकडे. स्पर्धेच्या मधोमध भिंत धरून बोलू नये असा नियम कुणी केलेला नाही, कारण तशी वेळ येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. मुख्याध्यापिका अर्ध्याच्या पुढे गेल्या. मी कठड्यावरून ओरडत होते, ते तेलुगूत ओरडत होते हे मला नंतर सांगण्यात आलं.

मग अक्का सरळ झाल्या. नाकातलं पाणी शिंकरलं. आणि सगळ्या टँकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिवलीला! थोरलीचा शब्द मोडतीस?"

शिवलीलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. थोरलीच्या पुढे जाणं वाईट, पण थोरलीचा शब्द मोडणं? तिच्या घरात आजवर हे कुणी केलं नव्हतं. एक क्षण ती दोन्हींच्या मध्ये लटकली. मग तिने भिंतीला असे पाय मारले की अक्का मागे हेलपाटल्या.

ती पाण्याखालून निघाली. फुकटचा वेग एक थेंबही न सांडता वापरला. वर आली ती हात पुढे टाकतच. पायांचा पहिला ठोका, दुसरा ठोका, हनुवटी पाण्याला घासून श्वास, लगेच तोंड आत. संपादकांना हव्या होत्या त्या सगळ्या आकृत्या त्या एका लेंथमध्ये होत्या. मी नोकरीभर जे ओरडत आले ते सगळं ही बाई मुकाट्याने करत होती, आणि मला ते आजपर्यंत दिसलं नव्हतं कारण तिच्यापुढे अक्का होत्या. मुख्याध्यापिकांना भिंत हातभर राहिली असताना शिवलीलाचे दोन्ही हात भिंतीला लागले.

मी धावत गेले. ती धापा टाकत होती, हसत होती आणि रडतही होती.

"बघितलंस मोकळं पाणी?"

"बगितलं की, बाई. लई भ्या वाटलं." मग म्हणाली, "पुण्याचा टँक अजून लांब असंल न्हाय?"

अक्का आपली दुसरी लेंथ सावकाश, पूर्वीसारख्याच आवाजात पोहत आल्या. तिसऱ्या आल्या. मला त्यांनी नजरही दिली नाही. मान ताठ ठेवून कपडे बदलले आणि दोघी निघून गेल्या. मला आनंद झाला होता, पण तो अर्धाच. आता त्या घरात काय होईल, शिवलीला उद्या येईल की नाही, अक्का तिच्याशी बोलतील की नाही, या विचाराने मला जेवण गेलं नाही. मी खांदे आणि कोपर दुरुस्त करणारी बाई. जावाजावांचं काही बिनसलं तर ते दुरुस्त करायला मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी वेळेवर आल्या. अक्का पाण्यात उतरल्या आणि लेनच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. शिवलीला नेहमीच्या सवयीने त्यांच्या मागे जाऊन थांबली. अक्कांनी तिचा दंड धरून तिला ओढलं, पुढे उभं केलं आणि पाठीवर थाप मारली. शिवलीला निघाली. अक्का तिच्या पायांमागे, हातभर अंतर ठेवून. एक लेंथ झाली, दोन झाल्या. अक्का थांबेनात. नेहमी एका लेंथला दमणारी बाई गोल गोल फिरतच राहिली, आवाजही निम्म्यावर आलेला. मला काळजी वाटून मी शिट्टी वाजवली.

अक्का कठड्याला आल्या. चष्मा कपाळावर सरकवला. धाप अजिबात नव्हती. आदल्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून त्या बोलल्या, आणि आवाजात संताप मावत नव्हता.

"बाई, मागं तर लई सोप्पं असतंय की! म्होरची पाणी फाडून देती, मागचीनं नुसतं तरंगायचं! आन ही बया लगीन झाल्यापासनं मजा करतीया, मला येका शब्दानं सांगितलं न्हाय!"